पिकल्यावाचून फोडू नये : स्वादुपिंडाचा द्रवसंचय आणि नामपल्लीची दुसरी फेरी

(महाजन मंडळाच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हैदराबाद शहरातील नामपल्ली हे रेल्वेस्थानक निजामाच्या राजवटीत, १९०७ साली उभे राहिले. कागदोपत्री त्याचे नाव 'हैदराबाद डेक्कन' असे आहे, परंतु मुंबईहून हुसेनसागर एक्स्प्रेसने जाणारा प्रवासी 'नामपल्लीस उतरतो' असेच म्हणतो. स्थानकाच्या एका अंगास सार्वजनिक बाग आहे, तर दुसऱ्या अंगास दर जानेवारीत 'नुमाइश' भरते ते विस्तीर्ण मैदान. व्यापारी, विद्यार्थी आणि यात्रेकरू या स्थानकात पूर्वापार उतरत आले. गेल्या तीसेक वर्षांत त्यांच्यात आणखी एका प्रवाशाची भर पडली आहे. त्याच्या हातात कपड्यांच्या पेटीपेक्षा कागदपत्रांची पिशवीच अधिक जपून धरलेली असते. तीत तपासण्यांचे अहवाल आणि पोटाच्या सीटी स्कॅनचे मोठाले काळे फोटो असतात. त्याच्यासोबत असलेला मुलगा, भाऊ किंवा जावई स्थानकाबाहेर येताच सोमाजीगुड्याची वाट विचारतो. २०१८ पासून नामपल्लीस मेट्रो आली असल्याने लकडी का पूल आणि खैरताबाद मागे टाकून त्या बाजूस जाणे आता सोपे झाले आहे. तेथे एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी ही पचनसंस्थेच्या विकारांना वाहिलेली संस्था आहे. तिची स्थापना १९९४ साली झाली आणि पुढे गच्चीबावली भागातही तिचा मोठा विस्तार झाला.

त्या पिशवीतील कागदांवर पुष्कळदा एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत लिहिलेले असते : 'स्वादुपिंडाभोवती द्रवसंचय.' घरच्यांच्या मनात त्या वेळी दोन प्रश्न असतात. पोटात एवढे पाणी साचले असताना डॉक्टर ते आजच्या आज का काढीत नाहीत, हा पहिला. आणि ते काढल्यावर रोगी बरा होऊन घरी परतला म्हणजे सारे संपले ना, हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरे हाच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय. पहिले उत्तर धीर धरावयास सांगते, तर दुसरे आळस सोडावयास सांगते. ज्या कुटुंबाने ही दोन्ही उत्तरे नीट ध्यानात घेतली नाहीत, त्याने खर्च आणि कष्ट सोसूनही रोग्यास पुन्हा संकटात लोटण्याचा संभव असतो.

प्रथम स्वादुपिंड म्हणजे काय ते पाहू. जठराच्या पाठीमागे आणि पाठीच्या कण्याच्या पुढे, वीतभराहून थोडे कमी लांबीचे हे इंद्रिय आडवे पसरलेले असते. त्याची कामे दोन. रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन ते रक्तात सोडते. आणि दररोज सुमारे एक ते दीड लिटर पाचक रस एका बारीक नलिकेतून लहान आतड्यात पाठविते. मांस, डाळ, तूप, तेल, भात यांचे पचन घडविण्याचे सामर्थ्य या रसात आहे. निसर्गाची योजना अशी की, आतड्यात पोहोचेपर्यंत तो रस जणू निद्रिस्त असावा. काही कारणाने तो स्वादुपिंडातच जागा झाला, तर ज्या घरात तो जन्मला त्याच घराचे पचन करू लागतो. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार आहे. यासच स्वादुपिंडाचा तीव्र दाह म्हणतात. नाभीच्या वरच्या बाजूस एकाएकी असह्य कळ उठून ती पाठीत जाते. रोगी पुढे वाकून बसतो, उलट्या थांबत नाहीत आणि घरच्यांना वाटते, वायू धरला असेल. रक्तातील लायपेज या घटकाचे प्रमाण तिपटीहून अधिक वाढलेले आढळले की निदानास बळकटी येते.

या दाहाची कारणे अनेक असली तरी दोन मुख्य होत : पित्ताशयातील खडे आणि मद्य. पित्ताचा बारीक खडा सरकून नलिकेच्या सामाईक मुखाशी अडकला की रस तुंबतो. रक्तातील स्निग्धांश अतोनात वाढल्यानेही हा रोग होतो. दक्षिण भारतात तर तरुणपणीच स्वादुपिंडात चुन्यासारखे खडे धरण्याचा एक वेगळा प्रकार आढळतो. शिवाय काही रोग्यांत कारण सापडतच नाही. गोमंतकात हा विषय निघाला की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ओळखीचे हसू उमटते, कारण फेणीचे नाव कोणाच्या तरी ओठांवर आलेले असते. मद्याचा संबंध खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु आयुष्यात मद्याचा थेंबही न घेतलेल्या गृहिणीस पित्ताच्या खड्यामुळे हाच रोग तितक्याच तीव्रतेने होतो, हेही तितकेच खरे. म्हणून रोग्याकडे संशयाने पाहू नये. आणि ज्याचे कारण मद्य हेच आहे, त्यानेही लाजेपायी डॉक्टरांपासून ते लपवू नये. डॉक्टरांच्या खोलीत लाज बाळगणाऱ्याचा रोग बळावतो.

सुदैवाने या दाहाचे बहुसंख्य रोगी, पाचांपैकी सुमारे चार, काही दिवसांच्या उपचाराने बरे होऊन घरी जातात. उरलेल्यांचा दाह गंभीर वळण घेतो. स्वादुपिंडाचा किंवा त्याच्या भोवतीच्या चरबीचा काही भाग मृत होतो. रस, सूज आणि मृत ऊती यांचा संचय जठरामागच्या पोकळीत होऊ लागतो. या संचयांना कोणत्या नावाने ओळखावे याविषयी जगातील डॉक्टरांत पूर्वी मोठा गोंधळ होता. अमेरिकेतील अटलांटा शहरी १९९२ साली झालेल्या परिषदेत एक वर्गीकरण ठरले आणि २०१२ साली त्याची सुधारणा झाली. त्याचे सार असे की, दोन गोष्टी पाहाव्यात : संचयात नुसता द्रव आहे की मृत पदार्थही आहे, आणि आजार सुरू होऊन चार आठवडे उलटले आहेत की नाहीत. चार आठवड्यांनंतर नुसत्या द्रवाभोवती जाड भिंत तयार झाली, तर त्यास स्यूडोसिस्ट म्हणजे 'खोटी पिशवी' म्हणतात. खोटी अशासाठी की, खऱ्या पिशवीस आतून असते तसे अस्तर तिला नसते. शरीराने स्वसंरक्षणार्थ उभारलेला तो केवळ एक गडगा असतो. आत मृत पदार्थही असेल, तर त्यास भिंतबंद मृत संचय म्हणावे.

हे चार आठवडे म्हणजेच पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अंगावर गळू उठले तर ते पिकेपर्यंत पोटीस बांधावे, कच्चे असता दाबू नये, नाहीतर विष पसरते, असे त्या सांगत आल्या. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'आमपक्वैषणीय' नावाचा एक संबंध अध्याय याच विवेकास वाहिलेला आहे. कच्ची सूज अज्ञानाने फोडणारा आणि पिकलेली ओळखूनही हयगय करणारा, या दोघांसही त्या आचार्याने सारखेच दोषी ठरविले आहे. स्वादुपिंडाभोवतीच्या संचयाबाबत आधुनिक वैद्यक शेकडो शस्त्रक्रियांच्या कडू अनुभवानंतर याच ठिकाणी येऊन पोहोचले. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्या संचयाला काठ नसतो; जिवंत आणि मृत यांच्यातील सीमा आखलेली नसते. अशा वेळी हत्यार घातले तर रक्तस्राव होतो, निरोगी भागही ओढला जातो आणि घाण पोटभर पसरते. चार आठवड्यांनी भिंत धरली की सीमा स्पष्ट होते. घरच्यांना जो वेळ डॉक्टर 'वाया घालवीत' आहेत असे वाटते, त्या वेळात रोग्याचे शरीर स्वतःच ही भिंत बांधीत असते.

हे ज्ञान सहजासहजी मिळाले नाही. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये बोझमन या शल्यवैद्याने स्वादुपिंडाची मोठी गाठ पोट उघडून काढली. पुढच्याच वर्षी गुसेनबाउर यांनी अशी पिशवी पोटाच्या कातडीस शिवून बाहेर वाट करून दिल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. परंतु बाहेर काढलेली ती वाट महिनोन् महिने झिरपत राही आणि पाचक रसाने कातडी सोलून निघे. मग विचार पुढे गेला की, हा रस बाहेर कशाला काढावा? तो मुळात पोटातच जावयाचा आहे. पिशवी जठरास चिकटलेलीच असते, तेव्हा दोहोंमधील भिंतीस खिडकी पाडून दिली तर रस आपल्या जागी जाईल. या विचारातून १९२० नंतरच्या दशकात पिशवी आणि जठर जोडण्याची शस्त्रक्रिया पुढे आली. कल्पना अत्यंत उत्तम होती. मात्र तीसाठी पोट उघडावे लागे, जठराची पुढची भिंत चिरावी लागे आणि आधीच खंगलेल्या रोग्यास दीर्घकाळ भूल द्यावी लागे.

भुलीचा विषय निघाला असता हैदराबादचेच एक प्रकरण आठवणे योग्य होईल. नामपल्लीहून फार दूर नसलेल्या अफझलगंज येथील इस्पितळात डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे की नाही, याचा शोध घेण्यासाठी दोन आयोग बसले. निजामाने त्यासाठी द्रव्यसाहाय्य केले आणि दुसऱ्या आयोगासाठी इंग्लंडहून लॉडर ब्रंटन हे ख्यातनाम वैद्य आले. क्लोरोफॉर्म हृदयास थेट धोका पोहोचवीत नाही, असा निर्वाळा तेव्हा देण्यात आला. तो पुढे चुकीचा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी हृदय एकाएकी बंद कसे पडते ते प्रयोगाने दाखविले. हैदराबादच्या त्या खटाटोपाचे महत्त्व मात्र यामुळे कमी होत नाही. प्रश्न उघडपणे विचारावा, शेकडो प्रयोग करून उत्तर नोंदवावे, आणि ते उत्तर चुकले असल्यास पुढील पिढीने ते निःसंकोच दुरुस्त करावे, ही शास्त्राची रीत तेथे दिसून येते.

स्वादुपिंडाच्या बाबतीतही असेच घडले. मृत भाग लवकरात लवकर कापून काढला तरच रोगी वाचेल, अशी समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ प्रचलित होती. नेदरलँड्समधील डॉक्टरांनी ८८ रोग्यांचे दोन गट पाडून तिची परीक्षा घेतली आणि २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटात पोट उघडून मृत भाग काढला. दुसऱ्यात प्रथम केवळ एक नळी घालून निचरा केला, आणि तेवढ्याने भागले नाही तरच पुढची पायरी चढली. पहिल्या गटात मृत्यू किंवा गंभीर गुंतागुंत शंभरांमागे ६९ जणांत झाली, दुसऱ्यात ४० जणांत. शिवाय दुसऱ्या गटातील शंभरांमागे ३५ जणांना नळीवाचून दुसरे काही करावेच लागले नाही. तेव्हापासून 'पायरीपायरीने' हा या उपचाराचा मूलमंत्र झाला आहे.

आता दुर्बिणीकडे वळू. तोंडावाटे जठरात सोडावयाची लवचीक दुर्बीण, म्हणजे एंडोस्कोप, गेल्या शतकाच्या उत्तरार्धात घडत गेली. १९७५ साली तिच्यातून सुई घालून जठराच्या मागचा द्रव ओढून घेण्याचा प्रयोग झाला; परंतु नुसता ओढून घेतलेला द्रव पुन्हा भरे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे भिंतीस छिद्र पाडून तेथे नळी ठेवण्याची रीत रूढ झाली. तरीही एक अडचण राहिली. जठरात फुगवटा दिसला तरच छिद्र पाडता येई, आणि भिंतीपलीकडे रक्तवाहिनी आहे की नाही हे डोळ्यांस दिसत नसे. आंधळ्याने विहिरीची जागा चाचपावी, तसे ते काम होते. १९९२ साली जर्मनीतील हँबर्ग येथील डॉक्टरांनी टोकाशी ध्वनिलहरींचे यंत्र बसविलेली दुर्बीण या कामी वापरली आणि भिंतीपलीकडचे दिसू लागले.

आज ही क्रिया साधारणतः पुढीलप्रमाणे होते. रोग्यास भूल देऊन दुर्बीण जठरात नेतात. ध्वनिलहरींच्या चित्रात संचय काळा दिसतो आणि त्यातील मृत पदार्थ करडा दिसतो. वाटेत वाहणारे रक्त रंगांनी ओळखू येते, म्हणून रक्तवाहिन्या टाळून जागा निवडता येते. जठराची भिंत आणि संचयाची भिंत यांतील अंतर एक सेंटिमीटरहून अधिक नसावे, असा दंडक पाळतात. मग सुई टोचून तिच्यातून बारीक तार आत सोडतात, त्या तारेवरून वाट रुंद करतात आणि त्या वाटेत नळी, म्हणजे स्टेंट, बसवितात. नुसता द्रव असेल तर दोन्ही टोकांस डुकराच्या शेपटीसारख्या वळलेल्या प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या पुरतात. त्या वळणामुळे त्या निसटत नाहीत. मृत पदार्थ असेल तर रुंद धातूचा स्टेंट घालतात. डमरूप्रमाणे त्याची दोन्ही टोके पसरट असतात आणि मधला मार्ग बोटभर रुंद असतो. पोटावर टाका नाही, कातडीवर व्रण नाही. शंभर वर्षांपूर्वी पोट उघडून पाडावयाची तीच खिडकी आता तोंडावाटे पाडली जाते. एवढ्याने ताप न उतरल्यास काही दिवसांनी त्याच खिडकीतून दुर्बीण आत नेऊन मृत तुकडे थोडे थोडे करून बाहेर ओढतात. हे काम एका बैठकीत पुरे होईलच असे नाही.

या विद्येत हैदराबादचे स्थान मोठे आहे. उपरोक्त संस्थेचे संस्थापक डॉक्टर डी. नागेश्वर रेड्डी हे कर्नूल येथे वैद्यक शिकले आणि चंदीगढच्या संस्थेत त्यांनी पचनसंस्थेच्या विकारांचे उच्च शिक्षण घेतले. दुर्बिणीच्या विद्येतील कार्यासाठी त्यांना २००२ साली पद्मश्री, २०१६ साली पद्मभूषण आणि २०२५ साली पद्मविभूषण हे सन्मान लाभले. याच द्रवसंचयासाठी घडविलेला 'नागी' हा पसरट तोंडांचा धातूचा स्टेंट त्यांच्या नावाशी निगडित आहे. डॉक्टर संदीप लखटकिया आणि त्यांचे सहकारी यांनी भिंतबंद मृत संचयाच्या २०५ रोग्यांचा अनुभव २०१७ साली प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश रोगी केवळ असा स्टेंट बसविल्यानेच बरे झाले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना तुंबलेला स्टेंट साफ करणे, नाकावाटे आत नळी ठेवून संचय धुणे किंवा मृत भाग काढणे अशा पुढच्या पायऱ्यांनी गुण आला. पायरीपायरीने जाण्याचे तत्त्व दुर्बिणीच्या मार्गानेही चालते, हे यातून दिसून आले.

तथापि ही क्रिया म्हणजे चमत्कार नव्हे. नेदरलँड्समध्येच ९८ रोग्यांवर दुर्बिणीचा मार्ग आणि लहान छेदाची शस्त्रक्रिया यांची तुलना करण्यात आली व तिचा अहवाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत यांत दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. परंतु स्वादुपिंडाचा रस कातडीवाटे झिरपत राहण्याचे दुखणे शस्त्रक्रियेच्या गटात शंभरांमागे ३२ जणांस, तर दुर्बिणीच्या गटात केवळ ५ जणांस झाले. इस्पितळातील मुक्कामही कमी भरला. रक्तस्राव, छिद्रातून गळती, नळी तुंबणे किंवा सरकणे हे धोके दुर्बिणीतही आहेत. संचय जठरापासून दूर, कुशीत किंवा ओटीपोटाकडे पसरला असेल, तर कातडीवाटे नळी घालावी लागते आणि क्वचित शस्त्रक्रियाही टळत नाही. म्हणून जेथे दुर्बिणीचा डॉक्टर, शल्यवैद्य आणि रक्तवाहिनी आतून बंद करणारा क्ष-किरणतज्ज्ञ एकाच छपराखाली आहेत, तेथेच ही क्रिया करवून घ्यावी.

तसेच प्रत्येक संचय काढावयाचा नसतो. पूर्वी सहा सेंटिमीटर आणि सहा आठवडे असा ठोकताळा होता. आज केवळ आकार मोठा म्हणून सुई घालीत नाहीत. ज्याला वेदना नाही, ताप नाही, जेवण जाते आणि कावीळ नाही, अशा रोग्याचा संचय पुष्कळदा आपोआप जिरतो. जंतुसंसर्ग झालेल्या रोग्यांतही घाई लाभदायक ठरली नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका डच अभ्यासात १०४ रोगी होते. ज्यांचा निचरा भिंत धरेपर्यंत पुढे ढकलला, त्यांतील शंभरांमागे ३९ जण केवळ प्रतिजैविकांवर बरे झाले. त्यांना नळीची गरजच पडली नाही. मात्र थांबणे म्हणजे रोग्यास घरी निजवून ठेवणे नव्हे. त्या काळात त्यास तोंडाने, ते न जमल्यास नाकातील नळीने, पुरेसे अन्न मिळाले पाहिजे. उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. हुडहुडी भरून ताप येणे, प्रत्येक घासास उलटी होणे, डोळे पिवळे होणे, धाप लागणे, शौचास काळे होणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर तिथी-वार न पाहता इस्पितळ गाठावे.

आता दुसरा प्रश्न. समजा, फोंडे महालातील एक गृहस्थ आहेत. हैदराबादेस त्यांना धातूचा स्टेंट बसविला. चार दिवसांत ताप उतरला, भूक परतली, चेहऱ्यावर तेज आले. नामपल्लीस गाडीत बसताना त्यांनी भावाला सांगितले, 'देवाने वाचविले, आता पुन्हा या गावाचे तोंड पाहावयास नको.' हे वाक्य कोणत्याही रोग्याच्या तोंडी सहज यावे असे आहे; आणि तेच धोक्याचे आहे. स्टेंट हा कायमचा दागिना नव्हे. संचय रिकामा होऊ लागला की पोकळी आक्रसते आणि मागची भिंत स्टेंटच्या कडेवर येऊन टेकते. त्या भिंतीपाशी प्लीहेच्या रक्तवाहिन्या असतात. धातूची कड तेथे घासत राहिली तर रक्तवाहिनी फुटू शकते; किंवा स्टेंट जठराच्या अस्तराखाली गाडला जाऊन काढणे कठीण होते. यास्तव साधारणतः तीन ते चार आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून, पोकळी मिटली असल्यास, धातूचा स्टेंट दुर्बिणीनेच काढून घेतात. ही क्रिया सहसा काही मिनिटांची असते. तीसाठी करावा लागणारा प्रवास तेवढा लांबचा असतो.

आणि नेमके तेथेच पाऊल अडखळते. रोग्यास आता काही दुखत नसते. रजा संपलेली असते, पैसा आटलेला असतो, घरात लग्नकार्य किंवा चतुर्थी तोंडावर आलेली असते. 'बरे वाटते आहे, मग कशाला जावे?' असे घरातील कोणीतरी म्हणतो आणि तारीख उलटून जाते. वास्तविक बरे वाटणे हीच परत जाण्याची खूण आहे. कारण पोकळी मिटली म्हणूनच बरे वाटते, आणि पोकळी मिटली म्हणूनच स्टेंट घासू लागतो. ही गोष्ट रोग्याच्या लक्षात राहील असे गृहीत धरू नये. घरातील एका जबाबदार माणसाने ती आपल्या अंगावर घ्यावी.

यासाठी काही साध्या गोष्टी कराव्यात. इस्पितळातून निघण्यापूर्वी कागदावर पुढील मजकूर स्पष्ट लिहून घ्यावा : स्टेंट धातूचा की प्लॅस्टिकचा, किती घातले, कोणत्या तारखेस घातले, आणि कोणत्या तारखेपर्यंत काढावयाचे. परतीच्या फेरीचा आणि स्टेंट काढण्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. तो शासकीय किंवा अन्य विमायोजनेत बसतो की नाही, ते आधी विचारावे. नामपल्लीचे परतीचे आरक्षण करतानाच दुसऱ्या फेरीचा दिवस ठरवावा. एवढा प्रवास अशक्यच असेल, तर स्टेंट जवळच्या मोठ्या इस्पितळात काढून मिळेल काय, हे हैदराबादच्याच डॉक्टरांना विचारून त्यांची चिठ्ठी घ्यावी. गोमंतकात वैद्यकशिक्षणाची परंपरा १८४२ पासूनची आहे. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय तिचेच वारस होय. तेथील डॉक्टरांना आरंभापासून सर्व कागद दाखवून ठेवावेत. कारण मध्यरात्री रक्ताची उलटी झाली तर हैदराबाद दूर आहे, बांबोळी जवळ आहे. आणि 'याच्या जठरात स्टेंट आहे' हे पहिले वाक्य तेथे उच्चारले गेले, तर योग्य उपचारास विलंब लागत नाही.

काही रोग्यांत स्वादुपिंडाची नलिका मध्येच तुटलेली असते. शेपटाकडचा भाग रस गाळीत राहतो. अशांना धातूचा स्टेंट काढल्यावर प्लॅस्टिकची नळी दीर्घकाळ ठेवावी की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. हैदराबादच्याच संस्थेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक अभ्यासात, ती ठेवल्याने संचय पुन्हा होण्याच्या प्रमाणात ठळक फरक पडल्याचे आढळले नाही. तेव्हा एकास नळी ठेवली आणि दुसऱ्यास नाही, म्हणून शेजारच्या रोग्याशी तुलना करून डॉक्टरांवर अविश्वास दाखवू नये, कारण विचारावे.

शेवटी, निचरा म्हणजे मूळ कारणाचा उपचार नव्हे. पित्ताशयात खडे असतील तर प्रकृती सावरल्यावर पित्ताशय काढून घेतले पाहिजे, नाहीतर दाह पुन्हा उठेल. कारण मद्य असेल तर ते पूर्ण सोडले पाहिजे. 'सणावारी थोडे' ही सवलत या रोगात नाही, आणि तंबाखूही तिच्याबरोबरच गेली पाहिजे. घरच्यांनीही जेवणावळीत आग्रह करू नये. आग्रहाने पाजलेला एक पेला रोग्यास पुन्हा त्याच खाटेवर नेऊन निजवू शकतो. स्वादुपिंडाचा बराच भाग गेला असल्यास मधुमेह जडतो किंवा तेलकट शौच होऊन वजन उतरते. त्यावर इन्सुलिन आणि पाचक द्रव्यांच्या कॅप्सूल आहेत. वर्षातून निदान एकदा तपासणी करावी.

सारांश, शास्त्राने गेल्या शतकात चाकूची जागा दुर्बिणीस दिली, परंतु दिवस मोजण्याचे काम मात्र घरच्या माणसांकडेच राहिले. पहिल्या चार आठवड्यांत घाई न करणे आणि पुढच्या चार आठवड्यांत आळस न करणे, ही पथ्ये कोणत्याही यंत्राने पाळावयाची नाहीत. ती भावाने, मुलाने, सुनेने पाळावयाची आहेत. महाजन कुटुंबांपैकी कोणावर हा प्रसंग येऊ नये. आलाच तर नामपल्लीची पहिली फेरी धैर्याने व्हावी आणि दुसरी न चुकता व्हावी. सर्वांस आरोग्य लाभो.